बिब्याच्या वळणावरची घरघर

शनिवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी बिब्याच्या वळणावर त्रेचाळीस माणसं उभी होती: सव्वीस बाया, अकरा पुरुष, सहा पोरं. अकरा नारळ होते, एकवीस लिंबं होती, पाय बांधलेला एक काळा कोंबडा होता, आणि प्लास्टिकची एक लाल खुर्ची होती, तिच्यात गोमाजीबुवा बसलेले. रस्ता उताराचा, म्हणून खुर्चीच्या पुढच्या दोन पायांखाली कुणीतरी चपटे दगड सरकवले होते. स्नेहलने हे सगळं दोनदा मोजलं. मोजायची तिला सवयच होती, आणि आज हात रिकामे ठेवून नुसतं उभं राहणं तिला जमत नव्हतं.

वर उंबरवाडीतून किशोरची जीप सुटली. इंजिनाचा आवाज जवळ येऊ लागला तसं वळण गप्प झालं. पोलादपूरपासून सात किलोमीटर चढलं की उंबरवाडी लागते. वाडीचं जे काही खाली जायचं, माणसं, भाजी, दूध, ते ह्याच जीपने, किशोर सोडून चौदा जणांच्या दाटीत. जीप दिसली. दरीकडची कडा पावसात खचली होती. तिच्यावरून उजवीकडे कलत गाडी वळणात शिरली आणि आवाज आला. घर्रर्र. खालच्या पट्टीतला, माणसाच्या घशातून निघाल्यासारखा. स्नेहलच्या घड्याळावर तो दोन सेकंद टिकला.

सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले. बुवांनी एक बोट वर केलं, गाडी थांबली.

"ऐकलंत?" बुवा म्हणाले. "मी काय बोललो? कायपन नाय. मी तोंड मिटून बसलोय. बोलला तो पांडू."

पांडू हा सोनालीचा नवरा. दोन वर्षांपूर्वी ह्याच वळणावर त्याची मोटारसायकल घसरली आणि तो गेला. वाडीचं दूध गोळा करून महाडला घालायचं काम त्याचं होतं. त्याच्यामागे ते सोनाली करत होती. चाळीस लिटरचे दोन कॅन भरून ती रोज खाली जायची. गेला दीड महिना वळणावर ही घरघर येत होती, आणि ती फक्त सोनाली गाडीत असली तरच यायची. एक दिवस तिला ताप होता, ती आली नाही, गाडी बिनआवाज उतरली. मग बुवांनी तिला मुद्दाम दोन दिवस घरी बसवून बघितलं. दोन्ही दिवस आवाज नाही. शिवाय यंदाच्या पितृपक्षात पांडूच्या पानाला कावळा शिवला नव्हता आणि दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी घरघर सुरू झाली होती. वाडीने दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, आणि उरलेलं बुवांनी सांगितलं.

"माणूस मेला की त्याची लाईन कट होते," बुवा समजावून देत होते. "पन ज्याचं मागं कायतरी राह्यलंय त्याचं कनेक्शन चालू असतं. रेंज मात्र सगळीकडं नसते. पांडूला घरात रेंज नाय, शेतात नाय. फकस्त ह्या वळणावर हाय. का? तर त्याचा टावर हितं हाय." त्यांनी बिब्याच्या झाडाकडे हात केला. झाडाने काही हरकत घेतली नाही.

"आता खातरी करून देतो. आधी कॅन उतरवा, त्याचा जीव दुधात हाय. मंग बाई. मंग त्याची आय."

दोघा गड्यांनी कॅन उतरवले. सोनाली उतरली आणि बाजूला जाऊन उभी राहिली, कुणाकडे न बघता. तिची सासू आवडीआजी उतरली ती रडतच. "माझ्या पोराचा आवाज मी वळखत नाय होय गो?" असं ती दिसेल त्या बाईला विचारत होती. बाकीचे बारा जण बसलेलेच ठेवून किशोरने गाडी चाळीस पावलं मागे घेतली आणि पुन्हा वळणावर आणली. जीप कलली, वळली, निघून गेली. घरघर नाही. एक नारळ फुटला.

मग बुवांनी निकाल दिला. मंगळवारी अमावास्या होती. त्याआधी सोनालीने माहेरी निघून जायचं, शिवथरच्या पलीकडे, आणि सव्वा वर्ष हे वळण ओलांडायचं नाही. तिची सहा वर्षांची मुलगी अक्षदा मात्र आजीकडे राहील, कारण रक्त ह्या घरचं. दुधाचं काम बुवांचा पुतण्या सदू बघेल, कारण त्याच्या पत्रिकेत राहू नाही. सोनाली सगळं ऐकून घेत होती. अक्षदाचं नाव आलं तेव्हा तिने मान वर केली, ओठ हलवले, आणि पुन्हा खाली बघितलं.

स्नेहल ह्या वाडीची नव्हती. महाडला हमरस्त्यालगत तिच्या वडिलांचं, महिपतींचं, टायरचं दुकान होतं. भौतिकशास्त्रात पदवी घेऊन ती दोन वर्षं दुकानातलं चाकांचं माप नि अलाइनमेंट बघत होती. आणि किशोरच्या जीपला ही नवी रुंद चाकं दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिनेच बसवून दिली होती. किशोरला पूजेला गाडी रुबाबदार हवी होती. चाकं बाजूने बाहेर दिसली पाहिजेत, एवढीच त्याची अट. तिने मापं घेतली होती, वहीत लिहिलीही होती: मागचं उजवं चाक, टायर ते मडगार्डची कडा, पंच्याण्णव मिलिमीटर, ठीक.

गुरुवारी किशोर पुढच्या चाकाचं पंक्चर काढायला आला. बोलता बोलता त्याने घरघर, पांडू, बुवा सगळं सांगितलं. ऐकताना स्नेहलची नजर मागच्या उजव्या टायरवर गेली. खांद्यावर, म्हणजे जिथे टायर जमिनीकडून बाजूकडे वळतो तिथे, बोटभर रुंदीचा एक चकचकीत पट्टा होता. रबर घासल्याशिवाय असं चकाकत नाही. तिने तसं सांगितलं. किशोर हसला.

"मॅडम, टायर घासत असंल तर वयनी नसताना का नाय घासत? टायरला काय कळतं, कोण बसलंय ते?"

तो प्रश्न स्नेहलला खटकत राहिला. शुक्रवारभर तिने दुकानात तीन वेळा हवेचा दाब चुकीचा भरला. वडिलांना तिने पट्ट्याबद्दल सांगितलं तेव्हा महिपती पाना पुसत म्हणाले, "नवा टायर घालून दे नि विषय मिटव. आपली चूक असली तर ती दुकानात निस्तरायची, वळणावर जाऊन सांगत सुटायची नाही. आणि वाडीच्या देवाधर्मात तर पडायचंच नाही." त्यांचं सगळंच चूक आहे असं तिला वाटलं नाही. तरी शनिवारी उजाडताच तिने स्कूटर काढली.

आणि आता, दोन गडी वाकून कॅन उतरवताना बघून, गुरुवारपासून अडलेलं उत्तर तिच्या डोळ्यांसमोर रस्त्यावर ठेवलेलं होतं. सोनाली नाही, म्हणजे सोनालीचे कॅनही नाहीत. ऐंशी लिटर दूध आणि भांडी मिळून शंभर किलो. सोनाली पन्नास, आजी पंचेचाळीस. जवळपास दोनशे किलो, आणि ते गाडीभर पसरलेले नव्हते. किशोरने सांगितलं होतं, मागे उजव्या कोपऱ्यात पांडू कॅन घेऊन बसायचा. तो गेल्यावर ती जागा दुसऱ्या कुणी घेतली नाही; त्याच्या जागेवर त्याची बायको, आई आणि त्याचे कॅन. वाडीने मान म्हणून ती जागा राखली होती. ते सगळं वजन एका चाकावर बसत होतं.

तिने महाडच्या सपाट जमिनीवर रिकामी जीप मोजली होती. किशोर चौदा माणसं घेऊन घाट उतरतो हे तिला माहीत होतं. महाडात कुणाला माहीत नव्हतं?

ती पुढे गेली.

"बुवा, एक विचारू? हाक बाईसाठी आहे, की दुधासाठी?"

बुवांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "तू कोन?"

"टायरवाल्या महिपतींची मुलगी. महाडची."

"मंग टायर बघ बाय. हितं आत्म्याचं काम चाललंय."

लोक हसले. स्नेहलही थोडी हसली, पण जागची हलली नाही. आपण एकाच वेळी तीन गोष्टी उतरवल्या, ती म्हणाली. बाई, आजी आणि कॅन. मग फरक कशाने पडला ते कसं कळणार? एकदा फक्त बाईंना बसवून बघू. गर्दीत चुळबूळ झाली. एका म्हाताऱ्याने बघायला काय हरकत आहे असं म्हटलं. बुवांना नाही म्हणायचं होतं, पण नाही म्हणण्याचं कारण सापडेपर्यंत किशोरने गाडी मागे घेतलीसुद्धा.

सोनाली बसायला तयार नव्हती. "मी बसले नि पुना आवाज आला, तर?" तिने हळू विचारलं.

"आला तर मी गप्प बसेन," स्नेहल म्हणाली. आकडेमोड तिने मनात केलेली होती, कागदावर नाही.

सोनाली नवऱ्याच्या जागेवर एकटी बसली. कॅन रस्त्यावर, आजी रस्त्यावर. जीप उतरली, कलली, वळली. तिने डोळे गच्च मिटले होते.

आवाज आला नाही.

गर्दी एकमेकांकडे बघू लागली. आजी रडायची थांबली. बुवांना मात्र लगेच सुचलं. परक्या मुलीसमोर पांडू लाजला, ते म्हणाले. मूळचाच तो लाजाळू. आता तो बोलायचा नाही.

"मग बाई नसतील तर अजिबातच नाही बोलायचा?" स्नेहलने विचारलं.

"बाई नाय तर हाक नाय. तिरकाळात नाय. लिहून घे पायजे तर."

तिने खरंच वही काढली आणि लिहून घेतलं: सात वाजून अठ्ठावन्न मिनिटं, बाई नसेल तर आवाज नाही, गोमाजीबुवा. वाचूनही दाखवलं. मग खिशातून पिवळा खडू काढला, टायरवर पंक्चरची जागा दाखवायला दुकानात वापरतात तो. जीपच्या मागच्या उजव्या मडगार्डच्या कडेला आतून तिने खडू जाड घासला. कशासाठी ते कुणाला सांगितलं नाही.

"आता कॅन परत जागेवर ठेवा. बाई खालीच राहतील. आजीही. त्या दोघींच्या जागी दोन माणसं बसवा, चांगली भरदार."

एक तर सदूच बसला. तो चांगला अंगाने होता आणि कॅन आता आपलेच झाले असं समजून तो पुढे सरसावला होता. दुसरं कोण? कुणी पुढे येईना. खचलेली कडा, अमावास्या तीन दिवसांवर.

किशोर स्टिअरिंगवरून मान काढून म्हणाला, "बुवा, तुमीच बसा की. तुमाला कसलं भ्या?"

आता त्रेचाळीस माणसं बुवांकडे बघत होती. बुवा खुर्चीतून उठले. उठताना खुर्चीखालचा एक दगड निसटला आणि खुर्ची उतारावर कोलमडली. ते जीपमध्ये चढले तेव्हा गाडी मागून चांगलीच बसली. स्नेहलने किशोरला चालीच्या वेगाने उतरायला सांगितलं आणि स्वतः मागच्या चाकाबरोबर चालत निघाली.

जीप कलली, वळणात शिरली.

घर्रर्र.

ह्या वेळी तो जास्त वेळ टिकला, कारण गाडी सावकाश होती. सोनाली बिब्याच्या झाडाखाली उभी होती, गाडीपासून तीस पावलांवर, आणि तो आवाज तिने पहिल्यांदा बाहेरून ऐकला. बाहेरून ऐकला तर तो घशातला वाटत नव्हता. पत्र्यातला वाटत होता.

"बुवा," गर्दीतून एक बाई म्हणाली, "आता काय तुमाला बोलावतोय का पांडू?"

स्नेहल चाकापाशी वाकली. टायरच्या काळ्या खांद्यावर हातभर लांब पिवळी रेघ उमटली होती. मडगार्डच्या कडेवरचा खडू तेवढ्याच भागात पुसला गेला होता. तिने सगळ्यांना जवळ बोलावलं, पोरांना पुढे घेतलं, आणि सांगितलं.

जुनं चाक मडगार्डच्या आत बसायचं. ओझ्याने गाडी खाली बसली तरी चाक वरच्या पोकळीत जायचं, कशाला लागायचं नाही. नवं चाक रुंद, त्यात त्याची रिम बाहेर काढलेली. दोन्ही मिळून टायर अठ्ठावीस मिलिमीटर बाहेर आला आणि नेमका मडगार्डच्या दुमडलेल्या कडेखाली उभा राहिला. गाडी रिकामी असेल तर मध्ये हाताचा पंजा जाईल एवढी फट. चौदा माणसं बसली की दोन बोटं. त्यावर दुधाचे कॅन एकाच कोपऱ्यात, त्यावर पावसाने खचलेली कडा, त्यावर वळणाचा कल. फट संपते, फिरता टायर पत्र्यावर घासतो, आणि जीपचं पत्र्याचं अख्खं अंग ढोलासारखं घुमतं. कॅन काढले की फट परत येते. बाई काढल्या काय नि ठेवल्या काय, पन्नास किलोंनी काही बिघडत नाही.

"रस्ता ह्याच पावसात खचला, चाकं दसऱ्याला बसली," ती म्हणाली. "तुम्ही श्राद्धापासून मोजलंत. चाकं बसवल्या दिवसापासून कुणी मोजलं नाही."

"पन चाकं बसवली कोनी?" सदूने विचारलं. जीपमधून उतरताना त्याचा सूर चांगलाच उतरला होता, पण एवढं त्याला सुचलं.

सगळे स्नेहलकडे बघत होते. वडिलांनी दुकानात निस्तरायची म्हटलेली गोष्ट आता त्रेचाळीस माणसांपुढे होती.

"मी बसवली," ती म्हणाली. "चूक माझी. मी रिकामी गाडी मोजली. भरलेली मोजायला हवी होती. सोनालीवहिनींना दीड महिना तुम्ही जे बोललात, त्याची सुरुवात माझ्या दुकानात झाली."

किशोरच्या तोंडून एक शिवी निघता निघता राहिली. तो खाली उतरला, वाकला, आणि टायरच्या घासलेल्या पट्ट्यावर अंगठा फिरवला. अंगठा एके ठिकाणी थांबला. तिथे रबर संपून आतले पांढरे धागे दिसत होते.

"मॅडम, ह्ये काय?"

"टायर इथून फुटला असता," स्नेहल म्हणाली. "कधी ते सांगता येणार नाही. पण वजन ह्याच वळणावर सगळ्यात जास्त येतं, म्हणजे फुटला असता तर इथेच." कुणीतरी दरीकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

तेवढ्यात गोदूबाई पुढे आली. ऐंशीच्या घरातली ही बाई आतापर्यंत एका नारळावर हात ठेवून बसली होती. "गोमाजी," ती म्हणाली, "तू मुंबईला टरकवर क्लीनर व्हतास ना रे? बारा वर्सं?"

बुवा वाकून चपला शोधू लागले.

"मंग टायर घासल्याचा आवाज तुला वळखू नाय आला? माझ्या नातवाला पण येतो. तो तर दोनच वर्सं हाय टरकवर."

किशोरला आता आठवलं. दसऱ्यानंतर बुवा पहिल्यांदा गाडीत बसले तेव्हा घरघर ऐकून ते खिडकीबाहेर वाकून मागच्या चाकाकडे बघत होते. तेव्हा त्याला वाटलं होतं, मंत्र म्हणतायत. आणि त्यानंतर प्रत्येक वेळी बाईच्या आधी कॅन उतरवा, असंच ते सांगत आले होते. हे त्याने मोठ्याने सांगितलं. बुवा अजून चपलाच शोधत होते. एक चप्पल खुर्चीखाली सापडली, दुसरी उताराने बरीच खाली गेली होती. सदू ती आणायला गेला आणि परत वळणावर आला नाही. बुवाही थोड्या वेळाने त्याच वाटेने गेले. कोंबड्याचे पाय गोदूबाईने सोडले. तो बराच वेळ तिथेच उभा राहिला.

जीपची स्टेपनी जुन्या मापाची होती. स्नेहलने नि किशोरने मिळून जॅक लावला आणि ते अरुंद चाक मागे उजवीकडे चढवलं. मग कॅन जागेवर, सोनाली जागेवर, आजी जागेवर, उरलेले बाराही जण जागेवर. चालीच्या वेगाने गाडी वळणातून नेली. आवाज नाही. आवडीआजी खाली उतरली, चाकाजवळ गेली, आणि वाकून त्याला हात लावला. मग स्नेहलकडे न बघता म्हणाली, "मी उगाच हिला घालवत व्हते."

सोनाली तिच्याजवळ गेली नाही. ती झाडाखाली परत गेली होती. स्नेहल तिथे गेली तेव्हा तिने एकच विचारलं.

"म्हंजे तो नव्हता."

"नाही, वहिनी."

सोनालीने रस्त्याकडे बघितलं. "मी रोज हितं डोळे मिटायची. लोकं म्हनायची वाईट हाय, पन मला वाटायचं, निदान बोलतो तरी." तिने पदराने नाक पुसलं. "एक मात्र मला पटायचं नाय. तो माझ्यावर कदी गुरगुरला नव्हता. येकदापन नाय."

सोनाली जीपकडे गेली, दोन्ही कॅनची झाकणं उघडून वास घेतला, आणि किशोरला म्हणाली, "चल लवकर. दूध नासंल."

गाडी निघायच्या आधी लोक रेंगाळले होते. कुणीतरी विचारलं, पुन्हा असं काही झालं तर करायचं काय? स्नेहलला भाषण येत नव्हतं. आवाज आला की घाबरायला हरकत नाही, ती म्हणाली. पण घाबरल्यावर आधी वाकून बघा. एका वेळी एकच गोष्ट हलवा, म्हणजे कशाने फरक पडला ते कळतं. जे आधी सांगता येतं ते लिहून ठेवा आणि नंतर पडताळून बघा. जो लिहू देत नाही त्याचं ऐकू नका. "आणि कुणी म्हणालं बाईमुळे झालं, तर बाईला घराबाहेर काढायच्या आधी तिचे कॅन काढून बघा. चूक माणसाची असते. माणसाची असते म्हणूनच ती दुरुस्त होते."

दुरुस्ती सोमवारी झाली. महिपतींना वळणावरचं सगळं आधीच कळलेलं होतं. महाडला बातमी पोचायला जीपएवढाच वेळ लागतो. मडगार्डची आत दुमडलेली कडा त्यांनी स्वतः लाकडी ठोकळा धरून, हातोड्याने आतल्या बाजूला सपाट बसवली. रिम बदलून चाक वीस मिलिमीटर आत घेतलं. उजव्या बाजूचे पाटे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, दबले होते. ते उघडून त्यांत एक पाटा वाढवला. टायर चारही नवे, दुकानाच्या अंगावर. कॅन ह्यापुढे गाडीच्या मधोमध ठेवायचे आणि बारापेक्षा जास्त माणसं घ्यायची नाहीत, असं किशोरने कबूल केलं. बाराचं तो पाळेल ह्याची स्नेहलला खात्री नव्हती, म्हणून मोजणी चौदांवरच करायची असं तिने ठरवलं.

चालत्या गाडीतली फट मोजायला तिने जुनीच युक्ती केली. सोनालीने तांदळाच्या पिठाची घट्ट उकड मळून दिली. त्या उकडीचा पंचवीस मिलिमीटर उंचीचा गोळा मडगार्डच्या आत, ज्या जागी पत्रा घासला होता तिथे चिकटवायचा. गाडी वळणातून जाताना टायर जितका वर येईल तितका गोळा चेपेल; उरेल ती उंची म्हणजे सगळ्यात अवघड क्षणीची फट. गुरुवारपासून सात दिवस ती पहाटे स्कूटरने वर गेली आणि जीपने खाली उतरली. अमावास्या होऊन गेली होती. सोनाली तिच्या जागेवर बसत होती, आजी शेजारी. अक्षदा एकदा शाळेच्या सहलीचे पैसे भरायला म्हणून त्यांच्याबरोबर खाली आली आणि वळणावर कान देऊन बसली. काहीच ऐकू आलं नाही म्हणून ती हिरमुसली.

बिब्याचं वळण, उतार, चौदा प्रवासी, दोन भरलेले कॅन, ताशी पंधरा किलोमीटर. सात फेऱ्या. घरघर: शून्य वेळा. उरलेली उंची, मिलिमीटरमध्ये: सतरा, अठरा, सतरा, सोळा, सतरा, अठरा, सतरा. सर्वांत कमी सोळा.